माशीसर आणि न फुटलेली अंडी
माशीसर वर्गात यायच्या आधी उतरलेल्या केळ्यांचा वास यायचा. रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मक्याचं पीठ नि गूळ शिजवून दुधाच्या बाटल्यांत फळमाश्या पाळायचे. एप्रिलमध्ये सारं गाव आंब्याच्या अढ्या लावण्यात गुंतलेलं असे, तेव्हा सर उकाड्यानं माश्या मरू नयेत म्हणून बाटल्यांभोवती ओली गोणपाटं गुंडाळत बसत.

अवघड गोष्ट ते घरच्या भाषेत सांगायचे. "अगो, अंड्यातल्या पहिल्या पेशी भराभर विभागतात ना, त्या आईच्या शिदोरीवर. ती संपली की पोराला स्वतःच्या जनुकांवर चालावं लागतं."

बी.एस्सी.नंतर मी तिथेच प्रात्यक्षिकं घ्यायला राहिले. माझे डोळे दुखायला लागले की सर घरून आणलेली सोलकढी पुढे करायचे. "पी आधी. माश्या कुठे पळत नाहीत."

एका बाटलीतली काही अंडी फुटत नव्हती. अन्न नासलं असेल, असं सगळे म्हणाले. मी त्याच माश्यांच्या जोड्या पुन्हा पुन्हा लावल्या. दर पिढीत तेच. शेवटी अंडी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशी मोजक्याच, पण मोठाल्या. विभागणी मध्येच थांबलेली आणि तरीही तो एवढासा देह घड्या घालून आकार घ्यायला धडपडत होता. मी सरांना बोलावलं. त्यांनी भिंग फिरवून पुन्हा पुन्हा पाहिलं.

"विभागणीचा हुकूम देणारा जनुकच बिघडलाय," ते म्हणाले. "हे तुझं आहे हो. जप."

सुट्टीत ते त्या बाटल्या आणि मी रंगवलेल्या अंड्यांची स्लाइड मुंबईच्या एका संस्थेत घेऊन गेले. "तिथल्या लोकांना दाखवतो, मग तुला बोलावतो." बोलावणं आलं नाही. सरच तिकडे नोकरीला गेले. पुढे त्यांचं व्याख्यान असल्याचं कळलं, तशी मी एसटीनं मुंबई गाठली.

पडद्यावर माझ्याच स्लाइडचं चित्र होतं. "एका सकाळी मला ही अंडी दिसली," सर सांगत होते.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. "सर, ती मला दिसली होती."

ते ओशाळलेही नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "अगो, उद्या तू लग्न होऊन लांज्याला नाहीतर पालीला जाशील. तुला नाव घेऊन काय करायचंय?" मग शेजारच्या गृहस्थांकडे वळले, "ही माझी विद्यार्थिनी. फार गुणी."

त्या बोलण्यात खोट नव्हती. त्यांना माझं खरंच कौतुक होतं. मी सवयीनं वाकून नमस्कार केला. सर आता नाहीत. त्या नमस्काराची चीड मात्र अजून गेलेली नाही.