शॉकअपवरचं तेल

यंत्रमागाच्या तेलाचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. माझ्या नव्या माउंटन बाइकचे पुढचे चकचकीत शॉकअप वडिलांना कोरडे वाटले. जन्मभर मागाला तेल घालणारा माणूस. खंडेनवमीच्या पूजेआधी मला न विचारता त्यांनी त्यावर भरपूर तेल ओतलं, आणि ते ओघळून खालच्या डिस्क ब्रेकवर उतरलं. दुसऱ्या दिवशी उतारावर ब्रेक लागलाच नाही. फुटलेल्या गुडघ्यांनी लंगडत घरी आलो आणि शुक्रवार पेठेतली आमची गल्ली गोळा होईपर्यंत ओरडलो, “अण्णा, हा तुमचा माग नाही! परत हात लावायचा नाही!” “चुकलं की रे,” एवढंच म्हणाले. आता चेन कुरकुरली तरी अण्णा मुकाट्यानं उठून आत जातात. अहो, एकदा तरी उलटून ओरडायचं की माझ्यावर!