आत्यांच्या गुणकारी गोळ्या

१७ एप्रिल, गुरुवार. उडदाचे पापड लाटायचे होते. पहाटेच पीठ भिजवून, कुटून, लाट्या करून ठेवल्या, आणि दुपारी बारापर्यंत आपण शेजारच्या बाईचा जीव घेतला अशी माझी खात्री झाली.

त्याआधीचं सांगते. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, यांची कंबर दुखते. गेली कित्येक वर्षं त्या दुखण्यावरची गोळी सकाळ-संध्याकाळ घेत होत्या. फेब्रुवारीत डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "ही गोळी आता बंद. मूत्रपिंडावर ताण येतोय." हे आत्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मूत्रपिंड दुखत न्हाय मला. कंबर दुखती."

मी परंड्यातल्या एका शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक आहे. वीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्यामुळे आपल्याला विज्ञान कळतं असा माझा समज आहे. आमच्या विज्ञानाच्या सरांनी एकदा मधल्या सुट्टीत सांगितलं होतं, की नवं औषध तपासताना काही रोग्यांना खरी गोळी देतात आणि काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली. नुसत्या गोळीनंही काहींचं दुखणं कमी होतं. पुढं सर असंही म्हणाले होते, हे मला नंतर कळलं, की अशी तपासणी रोग्याला आधी कल्पना देऊन, त्याच्या संमतीनं करतात. पण तोवर घंटा झाली होती. (मी डबा धुवायला गेले होते.)

बार्शीला गेले तेव्हा होमिओपॅथीच्या दुकानातून कोऱ्या गोळ्यांची मोठी बाटली आणली. कोऱ्या म्हणजे औषधाचा थेंबही न टाकलेल्या, निव्वळ साखरेच्या. आत्यांना मधुमेह आहे, त्यांच्या चहातली साखर मीच बंद केलेली. पण एवढ्याशा गोळीत साखर ती किती, मुंगीच्या वाट्याची. गोळ्या रिकाम्या पितळी डबीत भरल्या आणि आत्यांना सांगितलं, "पुण्याहून मागवल्यात. सकाळी सातला, एकच, उगवतीकडं तोंड करून. जिभेवर ठेवायची नाही. टाकली की पाणी."

उगवतीचं मी आयत्या वेळी घातलं. ते फार लागू पडलं. आठव्या दिवशी आत्या काठीशिवाय पिठाच्या गिरणीत जाऊन आल्या.

इथंच मी थांबायला हवं होतं. पण आमच्या गल्लीत गुणाची गोळी ही विरजणासारखी असते. ज्याच्या घरात आहे त्याच्याकडं वाटी घेऊन जायचं, आणि त्यानं नाही म्हणायचं नाही. हे मी विसरले. डबी तर आत्यांच्या कमरेलाच होती.

तर त्या गुरुवारी पापडाला पाच-सहा जणी जमल्या. तासाभरानं मंगल, ही आमच्या समोरची, खांदा चोळत म्हणाली, "आत्या, हात भरून आला बघा."

आत्यांनी कमरेची डबी काढली. "उगवतीकडं तोंड कर."

मंगलनं केलं. गोळी, पाणी. चार पापड झाले नाहीत तोवर म्हणते, "खरंच की ओ. हलका झाला."

माझ्या प्रयोगाचा निकाल माझ्यासमोर बसून पापड लाटत होता, आणि मला घाम फुटला होता. तेवढ्यात सुभद्राकाकू बोलल्या. या आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात, एकट्या. लेक पुण्याला असते, ती दर महिन्याला त्यांच्या बीपीच्या गोळ्या पाठवते.

"लई गुणाची गोळी. म्या तर बीपीची सोडूनच दिली."

माझं लाटणं थांबलं. "कधीपासून?"

"झाले की पंधरा दिस."

"काकू, ही कमरेची गोळी आहे."

"कमरंवर चालती, तर डोक्यावर न्हाय व्हय चालणार? कंबर काय परक्याची हाय?"

तिथंच खरं सांगायचं होतं. सांगितलं नाही. आत्या काठी सोडून दोन महिने चालत होत्या. गोळी खोटी म्हटलं की त्या परत अंथरुणाला टेकतील, आणि सुनेनं चारचौघींत फसवणुकीची कबुली दिली हे गल्ली पुढच्या पापडापर्यंत बोलेल. म्हणून मी जुन्या खोट्यावर नवं खोटं ठेवलं. "डॉक्टर म्हणालेत, ही गोळी बीपीच्या गोळीबरोबरच लागू पडते. एकटी घ्यायची नाही."

"मग मला कशी लागू पडली?" आत्या म्हणाल्या. "मला कुठं बीपी हाय?"

बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी पीठ नसलेल्या पोळपाटावर लाटणं फिरवत राहिले. सुभद्राकाकू कपाळ दाबत उठल्या. "सकाळधरनं डोस्कं जड हाय. जरा पडते जाऊन."

त्या गेल्या. मी तीन पापड लाटले, तिन्ही फाटले. माझ्या माहेरी एक बाई अशाच डोकं जड म्हणून पडल्या होत्या, त्या पुन्हा बोलल्या नाहीत. चौथी लाटी तशीच टाकून मी धावले.

काकूंच्या दाराला आतून कडी. वाजवलं. उत्तर नाही. हाका मारल्या. उत्तर नाही. फोन लावला, तो आत वाजून वाजून थांबला. खिडकी बंद, पडदा ओढलेला. मागून मंगल शिडी आणायला पळाली, बाकीच्या बायका पिठाच्या हातांनी गोळा झाल्या, आणि मी दारावर दोन्ही मुठी मारत ओरडले, "काकू, उठा! त्या गोळ्या खोट्या आहेत, नुसती साखर आहे! तुमची बीपीची गोळी घ्या!"

पलीकडच्या गिरणीवाल्यानंही गिरणी बंद केली.

कडी निघाली. काकू पदर सावरत उभ्या. आत एवढा मोठा कूलर घरघरत होता. "डोळा लागला हुता गं. काय म्हणत हुतीस?"

म्हणजे सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं, एक त्या सोडून. मला ते सगळं पुन्हा, हळू आवाजात, त्यांच्या तोंडाकडं बघत सांगावं लागलं. हे पहिल्यापेक्षा अवघड गेलं.

मागं वळून बघितलं तर आत्या. काठी न घेता चालत आल्या होत्या. आता मटकन खाली बसतात की काय म्हणून मी हात पुढं केला.

"साखरंची?" त्या म्हणाल्या.

"हो."

"निव्वळ?"

"हो, आत्या. चुकलं माझं."

आत्यांनी डबी उघडून आत बघितलं. "तरीच म्हटलं पाणी प्यायच्या आधी गोड का लागती. मग इतके दिस मला एकच का घ्यायला लावलीस?"

मी डबी काढून घेतली आणि काकूंना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. बीपी मोजणाऱ्या बाईंनी दोनदा मोजलं, आणि डॉक्टर काकूंना सोडून मलाच बोलले. "आणखी थोडे दिवस गेले असते तर इथं चालत आणता आलं नसतं त्यांना." काकूंना जुनी गोळी परत चालू झाली, संध्याकाळपर्यंत तिथंच थांबवून घेतलं. निघताना डॉक्टर म्हणाले, "तुमचा चेहरा का असा झालाय? बसा, तुमचंही मोजू."

माझंही वाढलेलं निघालं. (आजचं नाही, बरंच जुनं असणार म्हणाले.) त्यांनी लिहून दिलेली गोळी घेऊन मी घरी आले. न लाटलेल्या लाट्या कडक झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी सुभद्राकाकूंकडं गेले आणि त्यांनी गोळी गिळून तोंड उघडून दाखवेपर्यंत हलले नाही. परत आले तर सात वाजले होते, आणि आत्या उगवतीकडं तोंड करून बसल्या होत्या. हात पुढं.

"आत्या, ती खोटी आहे. काल सांगितलं ना."

"व्हय, सांगितलंस. कंबरंला कुठं सांगितलंस? आण."

दिली. मग माझी काढली. पाणी हातात घेतलं, पण घोट घेववेना. शेवटी गोळी दाताखाली धरून फोडून बघितली. कडू होती. तेव्हा कुठं गिळली, तीही उगवतीकडं तोंड करून.