चौकशीच्या खिडकीतली मामी

आमच्या मामीला विचारून कुणाला काही कळलं, असं तंजावुरात अजून घडलेलं नाही. आणि गंमत अशी, की लोकांनी येऊन विचारावं म्हणून जी जागा असते, नेमक्या त्याच जागेवर तिने सगळी नोकरी काढली. एका खासगी इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत ती बसायची. डोक्यावर तमिळ आणि इंग्रजी पाटी, पाटीखाली मामी, वेणीत मोगरा, अंगावर कडक इस्तरीची सुती साडी आणि पुढ्यात पेशंटांची यादी. त्या यादीवर तिचा डावा हात कायम पालथा असायचा, जणू हात उचलला तर खालची नावं उडून बृहदीश्वराच्या गोपुरावर जाऊन बसतील.

तिचा नियम सोपा होता. भरती होताना पेशंटला विचारायचं, कुणी चौकशीला आलं तर तुमचं नाव आणि वॉर्ड सांगू का? हो म्हणाला तर नाव यादीत. नको म्हणाला तर नाव यादीत नाही, आणि मग विचारायला प्रत्यक्ष कलेक्टर आले तरी उत्तर एकच: "हें नाव माझ्या यादीत नाहीं." जो पेशंट खरोखरच इस्पितळात नसे त्याच्याबद्दलही हेच वाक्य, हाच चेहरा. "वेगळं बोललं की लोक ओळखतात," ती मला एकदा म्हणाली होती. "'सांगता येत नाहीं' म्हटलं म्हणजे सांगितलंच कीं." यादीतला माणूस हवा असेल तरी पूर्ण नाव आणावं लागे. लोक यायचे ते वर्णन घेऊन. पापनाशमकडचे, जाडसे, पाय मोडलेले, राइस मिलवाले. मामी म्हणायची, "नाव." समोरचा म्हणायचा, "त्यांना नावाने कोण हाक मारतो अम्मा, सगळे मिल-मामा म्हणतात." मामी म्हणायची, "मग त्यांच्या घरी जाऊन नाव विचारून या." प्रकृतीबद्दल विचारलं तर, "तें डॉक्टर सांगतील." एकदा तर घरी निघालेले एक आजोबा पिशवी घेऊन तिच्या खिडकीशीच उभे होते आणि त्यांच्या मुलाचा चेन्नईहून फोन आला, अप्पा तिथेच आहेत का? आजोबांनी भरतीच्या वेळी 'कुणालाच सांगू नका' म्हटलं होतं. मामीने त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून फोनवर सांगितलं, "हें नाव माझ्या यादीत नाहीं." आजोबा म्हणाले, "अहो, मी इथे उभा आहे." मामीने रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. "मग तुम्ही सांगा. मला सांगता यायचं नाहीं."

ही शिस्त खिडकीतच राहिली असती तर मामाचं आयुष्य बरं गेलं असतं. पण ती संध्याकाळी मामीबरोबर टाउन बसने घरी यायची. मामा झोपाळ्यावर दारातून दिसेल असा बसलेला असायचा, आणि कुणी विचारलं, मामा आहेत का, तर मामी आधी म्हणायची, "आपण कोण? काय काम?" आज सांबार कसलं, ह्याचं उत्तर मामाला पान वाढल्यावर मिळे. शेजारच्या सुनेने सणाच्या सकाळी विचारलं, मामी, दारातल्या ह्या कोलमाच्या रांगोळीला ठिपके किती? मामी म्हणाली, "डोळे आहेत ना, मोज." खानेसुमारीला आलेल्या शिक्षकाला तिने घरात माणसं किती हे सांगितलं खरं, पण आधी त्याचं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी वाचलं आणि तो काय लिहितो ते बघायला त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

आणि ही बाई मुळात अशी नव्हती. मामा सांगतो, लग्न होऊन आली तेव्हा आमच्या चार मराठी गल्ल्यांत कुणाची म्हैस व्यायली, कुणाच्या सुनेला कोरडे उमासे येतात, सगळं दुपारच्या कॉफीआधी हिच्या तोंडून सगळ्यांना कळलेलं असायचं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ओळखीच्या एका घरचं कुणी भरती झालं. हिने मायेपोटी गल्लीत सांगितलं, आजारासकट. आमच्या लोकांत पेशंटला भेटायला न जाणं हा अपमान. दुसऱ्या दिवशी भजनाच्या आठ बायका फ्लास्कमधून रसम घेऊन गेल्या आणि खाटेभोवती उभ्या राहून रडल्या. त्या पेशंटला आपला आजार कोणता हे घरच्यांनी अजून सांगितलं नव्हतं. त्या रडण्यावरूनच कळलं. मामी त्या संध्याकाळी जेवली नाही. "कोण होतं तें?" असं मामाने पुढे कितीदा विचारलं, पण तिने आजवर सांगितलेलं नाही.

हे सगळं मला हसण्यावारी न्यायची सवय होती. मग माझी पाळी आली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाठवलं होतं, पण घरात शब्द चालायचा मोठ्या काकांचा, आणि काकांच्या मते मुलीला बारावी रगड झाली होती. शेवटच्या परीक्षेला दोन महिने उरले असताना हॉस्टेलच्या जेवणघरात मला फिट आली. वॉर्डनबाईंनी रिक्षात घालून जवळच्या इस्पितळात नेलं, ते नेमकं मामीचं. काकांना फिटचं कळलं असतं तर त्याच दिवशी माझी ट्रंक आमच्या गावच्या, पापनाशमच्या बसच्या टपावर चढली असती. पदवी तिथेच संपली असती.

शुद्ध आली तर खाटेशी मामी, हातात फॉर्म. एरवी मला 'अगे पोरी' म्हणणारी मामी म्हणाली, "पेशंटचं पूर्ण नाव सांगा."

"मामी, मी आहे."

"तें नाव झालं नाहीं. वडिलांचं नाव? गाव?"

माझ्या जन्माच्या वेळी माझ्या आईला न्हाऊ-माखू घालणारी बाई मला माझं आजोळ सोडून सगळं विचारत होती. शेवटी म्हणाली, "आपण इथे आहांत हें कुणी विचारलं तर सांगावं कां?"

मी म्हटलं, "अप्पांना फक्त. बाकी कुणालाच नको. मामालाही नको." तिने फॉर्मवर टिक केली, माझ्याकडून सही घेतली आणि "बरं" म्हणून निघून गेली.

तिसऱ्या दिवशी काका आले. हॉस्टेलमधल्या कुणीतरी गावात फोन केला होता. पुढची हकिगत अप्पांनी सांगितली, कारण ते कॉफी आणायला खाली गेले होते आणि थोरल्या भावाला पाहून औषधांच्या जाहिरातीच्या पुठ्ठ्यामागे उभे होते, पाऊण तास, हातात गरम फ्लास्क.

"काय अम्मा, ओळखलं नाहीं कां?" काका म्हणाले.

"ओळखलं कीं. पेशंटचं नाव?"

"माझ्या भावाची लेक. तुझ्या नणंदेची लेक."

"नातं नको. नाव."

काकांनी नाव सांगितलं. मामीने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, पान उलटलं, पुन्हा फिरवलं. "हें नाव माझ्या यादीत नाहीं."

"नाहीं म्हणजे इथे नाहीं, कीं तू सांगत नाहींस?"

"यादीत नाहीं."

"बरं, ही हॉर्लिक्सची बाटली ठेव. सापडली तर दे."

"यादीतल्या माणसाचंच सामान घेतात. न्या परत."

काकांचा आवाज चढला. रांगेतले लोक बघायला लागले. तेवढ्यात पुठ्ठ्याखाली अप्पांची चप्पल मामीला दिसली. ती उठली आणि काकांना म्हणाली, "बस त्या मागच्या दारासमोरून मिळते. चला, दाखवते." आणि खरोखरच तिथून मिळायची.

काका तिथून थेट मामाकडे गेले. मामाच्या चेहऱ्यावर खोटं एक क्षण टिकत नाही हे सगळ्यांना ठाऊक. मामा म्हणाला, "ती आस्पत्रीत? मला तर कांहीं ठाऊक नाहीं," आणि इतका खरा घाबरला की काकांनीच त्याला हॉर्लिक्स पाजलं. पोरीला साधा ताप असेल, हॉस्टेलवाल्यांनी बोभाटा केला, असं ठरवून ते गावी परतले. आठवड्याने मी हॉस्टेलवर गेले. परीक्षा दिली. पास झाले.

पदवीचा कागद घेऊन मी मामीकडे गेले. मामा घरी नव्हता. वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "मामी, त्या वेळी तू नसतीस तर."

"कुठल्या वेळी?" मामी म्हणाली. चेहरा अगदी कोरा.

"मी आजारी होते तेव्हा."

"तूं आजारी होतीस? बरं नाहीं कां वाटत? बैस, कॉफी आणते."

पुढेही दोन-तीनदा प्रयत्न केला. काही उपयोग नाही. आभार मानायचे तर दोघांनाही ती गोष्ट ठाऊक असावी लागते, आणि मामी ती मला, माझी मलासुद्धा, सांगायला तयार नाही.

आता ती रिटायर झाली आहे. गोळ्या मला अजून चालू आहेत, रात्री आठला एक. बारसं असो, लग्न असो, श्राद्ध असो, कितीही माणसं असोत, आठ वाजायला आले की मामी उठते, गर्दीतून वाट काढत येते, माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवते आणि माझ्याकडे न बघता दुसऱ्याच कुणाशी बोलत निघून जाते.