खाऱ्या पाण्याचा जावई

“मला ते नळ्याबिळ्यांचं सांगू नको पोरी. सगळ्यात स्वच्छ करणारा कुठला, तेवढं सांग आणि बांधून दे.”

“काका, फिल्टर म्हणजे काय कपडे धुवायचं मशीन आहे का? आधी टाकी केवढी आहे ते सांगा.”

“केवढी म्हणजे... एवढी.” म्हाताऱ्यानं दोन्ही हात फैलावले आणि मागच्या फळीवरचा शंखांचा खोका खाली पाडला. शंख गोळा करायला वाकला तो तसाच वाकून बोलत राहिला. “इस्त्रीच्या टेबलापेक्षा हातभर कमी धर. खारं पाणी आहे. मासे होते पुष्कळ, आता एकच राहिलाय. जावई म्हणतात त्याला.”

शोभेचे मासे विकणाऱ्या त्या पोरीनं हातातला पाइप खाली ठेवला. “नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा? कोपरा सोडत नाही, पण खायला सगळ्यांच्या पुढे? म्हणजे तुम्ही मावशींचे... मावशी आल्या का दवाखान्यातून?”

“नाही,” तो म्हणाला. “गेली ती.”

पोरीनं नळ बंद केला. म्हाताऱ्यानं उरलेले शंख खोक्यात लावले, मोठे खाली, लहान वर, घड्यांची चळत लावावी तसे.

त्याला सगळी गल्ली कडक म्हणते. घरातच लाँड्री चालवतो. खळ अशी घालतो की त्याच्या हातचा सदरा जमिनीवर ठेवला तरी आपल्या पायानं उभा राहावा. स्वभावही तसाच, घडी न मोडणारा. डाग दिसला की याचं डोकं फिरलंच. एकदा कुणाच्या लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या माणसाच्या बाहीवर डाग दिसला, तर याला घास गिळेना. शेवटी त्या माणसाच्या अंगातला सदरा काढून घेतला आणि धुऊन आणून दिला. तो बिचारा बनियनवर जेवला. लग्न कुणाचं होतं ते कडकला आज आठवत नाही, डाग मात्र आठवतो.

आणि अशा माणसाची बायको टाकी पाळणारी. लेकरूबाळ झालं नाही. एक दिवस ती काच, दगड आणि मिठाचं पोतं घेऊन आली, नि घरात मासे नांदायला लागले. उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात घालून ती दगड हलवायची. पाणी वाळलं की बाहीवर मिठाची पांढरी रेघ उमटायची, अंगाला समुद्राचा वास यायचा.

“मासळीबाजारातनं आल्यासारखी वास मारतेस,” हा म्हणायचा.

“मग नाक काढून खुंटीला टांगा,” ती म्हणायची. “आणि जावयासमोर असं बोलू नका. लेक नसताना जावई मिळालाय आपल्याला. मान ठेवा त्याचा.”

ती दवाखान्यात गेली तेव्हा कडकच्या मनात आलं, की परत येईल तेव्हा टाकी बघून बाईनं दारातच थबकलं पाहिजे. दगडांवर तपकिरी-जांभळा थर साचला होता, फिल्टरच्या स्पंजात चिखल होता. याचे हात शिवशिवायला लागले. त्यानं मासे बादलीत काढले, दगड ब्लीचमध्ये भिजवले, ब्रशनं घासले, वास पार जाईपर्यंत पाण्यातून खळबळून काढले. त्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. स्पंज पिळून पिळून दुकानातून आणल्यासारखा केला. पाणी बदललं, मीठ तिनं शिकवलं होतं त्याच मापानं घातलं. दगड दातासारखे पांढरे दिसायला लागले. मग टाकीसमोर खुर्ची ओढून हा बाबा चहा पीत बसला, स्वतःवर खूश.

संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

“स्पंज मळला असेल ना? नळाखाली धुवू नका हं. टाकीचंच थोडं पाणी घ्या, त्यात हलकेच पिळा नि परत लावा. तुमचं काय सांगावं, ब्लीचमध्ये घालाल.”

“मी काय वेडा आहे का?” हा म्हणाला. बोटांना अजून ब्लीचचा वास येत होता.

पुढे मासे एकेक करून आडवे झाले. ती रोज फोनवर विचारायची, हा रोज सांगायचा की मजेत आहेत. निळा कसा आहे? लठ्ठ झालाय. निळा तेव्हा दारातल्या कुंडीच्या मातीखाली गेला होता. ती गेली तेव्हा कडकला एवढाच एक आधार होता, की निदान तिच्या डोळ्यांपुढे टाकी भरलेली होती.

माणसं आली, बसली, उठून गेली. हातांना काही काम राहिलं नाही. तेव्हा त्यानं तिचे कपडे काढले. दारामागे टांगलेला गाऊन, उशीचा अभ्रा, टॉवेल, कपाटातलं सगळं. धुतलं, वाळवलं, इस्त्री केली, घड्या घातल्या. त्याला दुसरं काही येत नाही. जावई मात्र अजून कोपऱ्यात धापा टाकत होता. तो मेला तर घरात तिच्या हातचं जिवंत असं काहीच राहणार नव्हतं. फिल्टरच बिघडलाय, असं मनाशी ठरवून कडक या दुकानात आला होता.

पोरीनं त्याला स्टुलावर बसवलं नि समोर तीन वस्तू मांडल्या.

“हा बंद डबा. आवाज नाही करत. पण आत काय साठलंय ते दिसत नाही, वेळेवर उघडला नाही तर आतल्या आत सडतं.”

“नको. दिसत नाही ते मला चालत नाही.”

“मग ही खालची टाकी. हिला तोड नाही. वरचं पाणी हिच्यात उतरतं, गाळून परत वर चढतं. तुमच्या टाकीखाली जागा आहे का?”

“खाली तिचं मिठाचं पिंप आहे. ते हलवायचं नाही.”

“बरं, नका हलवू. मग हा स्किमर. टाकीच्या पाठीला टांगायचा. या नळकांड्यात बारीक बुडबुडे सुटतात, त्यांचा फेस होतो. फेसाला घाण चिकटते, फेस वर चढतो आणि या वाटीत पडतो. वाटी तेवढी ओतायची.”

कडक पहिल्यांदाच स्टुलावर नीट बसला. “म्हणजे फेस मळ उचलतो.”

“तेच तर.”

“मग एवढा वेळ काय पुराण लावलंस? फेसाचं मला सांगतेस होय! हाच दे.”

“साबण घालायचा नाही पण, काका!”

“एवढी अक्कल आहे मला.”

पोरगी हसली. मग म्हणाली, “पण हा घाण काढतो, विष नाही काढत. जुना स्पंज आहे ना?”

“आहे. पांढराशुभ्र.”

तिचं हसू गेलं. “धुतलात?”

“दगडसुद्धा.”

तिनं स्किमर बाजूला ठेवला. मग ती हळूच म्हणाली, “काका, त्या मळातच जीव असतात. डोळ्यांना दिसत नाहीत. माशांच्या घाणीचं जे विष होतं ते तेच पचवतात. तो मळ म्हणजेच फिल्टर. बाकी नुसता डबा. मावशी बोलल्या नव्हत्या का?”

“बोलली होती. धुऊन झाल्यावर.”

पोरगी आतल्या चालू टाकीत हात घालून एक स्पंज घेऊन आली. काळपट, बुळबुळीत, वास मारणारा. टाकीच्या पाण्यासकट पिशवीत घातला. “हा तुमच्या जुन्या फिल्टरच्या डब्यात ठेवा. पिळू नका, हात लावू नका. थोडं थोडं पाणी बदलत राहा. जगेलच असं सांगत नाही मी.”

जन्मभर लोकांचा मळ घालवलेल्या माणसानं त्या दिवशी दुसऱ्याचा मळ छातीशी धरून घरी नेला.

स्किमर टांगताना उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात गेला. सकाळपर्यंत वाटीत तपकिरी फेस चढला होता. जावई कोपऱ्यातच होता, पण कल्ले जरा सावकाश हलत होते. कडक वाटी ओतत होता तेवढ्यात मेहुणी आली.

“दाजी, ताईचा एखादा कपडा द्या मला. न धुतलेला असला तर.”

त्यानं कपाट उघडलं. तिनं वरचा ब्लाउज उचलून नाकाला लावला. मग दुसरा. मग गाऊन काढून त्याची उजवी बाही चाचपली. सगळीकडे खळ नि साबण. एवढ्या सुंदर घड्या तिनं उभ्या जन्मात पाहिल्या नसतील.

“एक तरी तसाच ठेवायचा, दाजी.”

“मळले होते सगळे.”

“मळलेलाच हवा होता.”

कडक खुर्चीत बसला. “टाकी पण मीच धुतली,” तो म्हणाला. “मासे मेले. तिला सांगितलं मजेत आहेत. निळा लठ्ठ झालाय म्हणालो.”

“ठाऊक होतं तिला.”

त्यानं मान वर केली.

“निळा जातीचाच काटकुळा, तो कुठला लठ्ठ होतोय! मी जवळच होते दवाखान्यात. हसली होती फोन ठेवून. नंतर रडली. म्हणाली, यांनी टाकी धुतली गं. मी म्हटलं, मग रोज विचारतेस कशाला? तर म्हणे, विचारलं नाही तर फोनवर बोलणार काय ते माझ्याशी.”

टाकीमागे बुडबुडे चालू होते. कडकनं कपड्यांची मोडलेली चळत बघितली, लावली नाही.

“कडक! पँट झाली का?” बाहेरून कुणीतरी हाक मारली.

“करतो, थांब.”

“तुमच्या बाहीला काय लागलंय, दाजी?” मेहुणीनं विचारलं.

खांद्याच्या खाली पांढरी रेघ वाळली होती. कालचाच सदरा अंगात होता.

“मीठ,” तो म्हणाला. इस्त्री तापली का ते ओल्या बोटानं बघितलं आणि गिऱ्हाइकाची पँट टेबलावर पसरली.