रोम न पाहिलेले रोमन

परवा घोंगडं साबणाच्या गरम पाण्यात घालून मी ते आटवून पार पायपुसण्याएवढं करून ठेवलं आणि त्या ओल्या लोकरीच्या वासानं बहात्तरच्या दुष्काळातले सासरे आठवले. मेंढरं विकून ते सांगोल्याहून सोलापुरात आमच्या दोन खोल्यांत राहायला आले होते. मी इतिहासाचा मास्तर, घरीही कुणी सापडलं की तास सुरू. एकदा चहा पिताना म्हणालो, "मामा, रोम हातचं गेलं, भाषा ग्रीक झाली, तरी रोमन साम्राज्याच्या पूर्वेकडच्या राजधानीतले लोक शेकडो वर्षं स्वतःला रोमनच म्हणवायचे. बहुतेकांनी रोम पाहिलंही नव्हतं. काय हट्ट!" "मग काय म्हनावं त्यांनी, जावईबापू?" "राहतात तिथलं नाव सांगावं की." सासरे बशीकडं बघत म्हणाले, "म्हंजी आमी आता सोलापूरचं?" मी चहाची किटली पुढं केली. "पाऊस झाला की जानार हाय मी," म्हणत त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला. पुढं पाऊस झाला, पण मेंढरं नव्हती. ते इथंच राहिले आणि कुणी गाव विचारलं की शेवटपर्यंत सांगोलाच सांगत राहिले. परवा हे सगळं मी बायकोला नव्यानं सांगत बसलो, तर ती म्हणाली, "त्यांना निदान विचारता तरी आलं. मला तर लग्नाच्या मांडवातच, न विचारता, सोलापूरची करून टाकलंत."