पातळ माल

आमचा गवंडी मामा सिमेंट-वाळूचा माल कालवण्यात पक्का. पायात रक्ताची गाठ झाली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला रक्त पातळ करायची गोळी दिली. मामाला काही ते पटेना. "माल पातळ झाला की भिंत ढासळते," म्हणत त्यानं रक्त घट्ट व्हावं म्हणून गोळीसोबत गुपचूप ताकदीची पावडर सुरू केली. तिनं लिव्हर सुजलं, गोळीचा जोर वाढला. डोळे पिवळे झाले, हिरड्यांतलं रक्त थांबेना. मामीनं पावडरीचा डबाच दवाखान्यात नेऊन आपटला. मग पावडर बंद, रक्त थांबवायची इंजेक्शनं सुरू.

आज रिपोर्ट चांगला आला.

"मामा, रक्त म्हणजे सिमेंट नव्हे," बाई म्हणाल्या.

मामीनं केवढा तरी मोठा श्वास सोडला. "रक्तात नाही हो बाई, सिमेंट ह्यांच्या डोक्यात आहे!"

मामा पिवळटच हसला.