उन्हाचं दूध

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, असं अख्खं वाटूर म्हणतं. खोटं नाही ते. कुणाच्या सुनेचं कशावरून बिनसलं, हे मला दुपारी कळलं की दिवेलागणीपर्यंत गल्लीला कळतं. पण एक गोष्ट राहिली. नवऱ्याला सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला नाही. एकदा तापात बरळत होते म्हणे — बरं वाटल्यावर आधी चौकशी केली, मी काय काय बोलले म्हणून. ती निघाली नव्हती. आज तुम्हाला सांगते. का? ते मलाही नीट माहीत नाही.

आधी थोडी फुशारकी मारू द्या. दात येणारं लेकरू दूध पिताना चावायला लागलं तर काय करायचं, हे आमच्या भागात माझ्याइतकं कुणाला येत नाही. पार आष्टीहून बायका आल्यात माझ्याकडे. रडत आल्या, हसत गेल्या. मला त्याचा गर्व आहे — आजही आहे, आणि तो मी लपवणार नाही.

पण ते मला आलं कसं?

सत्तरच्या पुढची ती दुष्काळाची वर्षं. घरचे दोघं भाऊ, माझा नवरा आणि थोरले दीर, जनावरं घेऊन चाऱ्याच्या मागं दूर गेले होते. दुभतं तिकडंच, म्हणजे घरात दुधाचा थेंब नाही. मागं आम्ही तिघी — सासू, माझी मोठी जाऊ आक्का आणि मी. आक्काची कमळ जेमतेम तीन महिन्यांची, म्हणून आक्का घरी. माझा भगवान सात-आठ महिन्यांचा झालेला, म्हणून मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. त्याला बाभळीला झोळी बांधून निजवायचं, रडला की पाजायचं. पेज चाटायचा थोडी, पण त्याचा सगळा जीव माझ्या दुधावर.

मग त्याला खालचे दोन दात आले.

पहिल्यांदा चावला तेव्हा मी अशी किंचाळले की मुकादम धावत आला. बायका हसून हसून लोळल्या. "आगं, वाघीण व्हय का तू, दोन दाताला भिऊन राह्यलीस?" मीही हसले. काय करणार? दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. चीर पडली, रक्त आलं. हातोडा उचलला की चोळी घासायची आणि डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. एकदा तो चावल्याबरोबर मी त्याच्या गालावर चापट मारली. एवढ्याशा गालावर! पण तेही मी सांगू शकले असते कुणाला तरी. जे सांगता आलं नसतं ते वेगळंच — मला माझ्या लेकराची भीती वाटायला लागली होती. झोळी हलली की मी आधी छातीवर पदर घट्ट ओढायचे. आईला लेकराचं भ्या? हे कुठल्या तोंडानं सांगायचं, आणि तेही माझ्यासारखीनं, जिनं दुसऱ्यांची कधी गय केली नाही?

आमच्याकडे एक रीत होती. उन्हातून आलेल्या बाईनं लेकराला लगेच पाजायचं नाही. ते उन्हाचं दूध, बाधतं. थोडा वेळ सावलीत टेकायचं, पहिली धार पिळून टाकायची, मग लेकरू घ्यायचं. सगळ्याच करायच्या. त्या रीतीला मी हाताशी धरलं. एका संध्याकाळी घरी आले आणि तोंड एवढंसं करून सासूला म्हणाले,

"आत्याबाई, माझ्या दुधाला ऊन लागलंय. पहिली धारच न्हाई, समदंच. पोरगं पेलं की वकून राह्यलंय."

सासूनं ते लगेच खरं मानलं. कपाळाला हात लावला आणि आक्काकडे बघितलं. आक्का म्हणाली, "मंग मी हाये की. दोघं पितेल." झालं. दुसऱ्या दिवसापासून भगवान घरी, आक्काजवळ. सासूनं माझ्यासाठी धने-जिऱ्याचं पाणी करायला घेतलं, आणि जपून ठेवलेली खडीसाखर त्यात घातली. माझी उष्णता उतरावी म्हणून! मी ती प्याले. गोड लागली.

जखम लवकरच भरली. भीती भरली नाही. रोज वाटायचं, उद्या सांगू, ऊन उतरलं म्हणून. उद्या आला की परवा.

हे किती चाललं? आठवडा, दहा दिवस — जास्तही असेल. आक्काचा चेहरा ओढल्यासारखा झाला. कमळ अंगानं वाढायची थांबली, मूठ चोखत पडून राहायची. भगवान मात्र गुटगुटीत.

मग ती संध्याकाळ. कामावरून आले तर आक्का उंबऱ्याशी बसून भगवानला पाजत होती. आणि तो तिला चावला. मला दिसलं ते, तिच्या खांद्याच्या झटक्यावरून. मला वाटलं आता ओरडेल, मग सगळं फुटेल. पण आक्कानं त्याला ओढून दूर केलं नाही. उलट त्याचं तोंड छातीशी आणखी घट्ट दाबलं, क्षणभरच. नाक दबलं तसं त्यानं आपोआप तोंड उघडलं. तिनं ओठाच्या कोपऱ्यात करंगळी सारली, त्याला सोडवला, डोळ्यांत बघून "न्हाई" म्हणाली आणि खाली ठेवला. एवढंच! तो तिच्याकडे बघून हसला. मी हात पुढे केले तर माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवून तिच्या पदरात घुसला.

मी पेटले. खरं सांगते — शेजारी कमळ पडली होती, तिच्यासाठी नाही पेटले. माझं पोरगं दुसरीचं होतंय म्हणून पेटले.

सकाळी जाहीर केलं, ऊन उतरलं. कामाला गेले नाही. मारवाड्याच्या दुकानातून खारीक आणली, भगवानच्या हाती दिली, हिरड्या शिवशिवल्या की ती चाव म्हटलं. आणि घेतला त्याला पदराखाली. पान्हा फुटला तसा तो अधाशासारखा पिऊ लागला, आणि मला रडूच आलं. मग चावला. ओरडले नाही! दाबला छातीशी, तोंड उघडलं, करंगळी, "न्हाई", खाली. त्यानं गळा काढला. मी थांबले. पुन्हा घेतला. पुन्हा चावला, पुन्हा खाली. दुपारपर्यंत आमची दोघांची कुस्ती चालली होती, आणि दुपारी तो पोटभर प्याला आणि न चावता माझ्या मांडीवर झोपला. काय सांगू तुम्हाला! गड जिंकल्यासारखी मी अंगणात उभी राहिले.

पुढं तर मी त्याचा खेळच ओळखला. भूक असते तोवर लेकरू चावत नाही. पोट भरलं, गिळणं थांबलं, डोळे मिचकावायला लागलं, की चावणार. त्याच्या आधीच करंगळी घालायची. हे मात्र माझं मी शोधलं. कामावर सगळ्या बायकांसमोर त्याला पाजलं आणि वाघिणीसारखी सगळ्यांकडे बघितलं. सासूनं गल्लीत गूळ वाटला, धने-जिऱ्याच्या पाण्याचा गुण सांगत फिरली. तेव्हापासून कुठलं लेकरू चावलं की बायका माझं नाव घेतात.

कमळही जगली, वाढली, लग्न होऊन हसनाबादला गेली. चणीनं लहानच राहिली. लोक म्हणतात, आईवर गेली. तिला पोरगा झाला, आणि तोही चावायला लागला तेव्हा ती माहेरी आली. आक्काच तिला म्हणाली, "तुझ्या काकूला इचार, तिला बराबर जमतंय." मी तिच्याजवळ बसले, तिचा हात धरून सगळं दाखवलं. त्याच दिवशी जमलं तिला. कमळ लहान पोरीसारखी टाळ्या पिटत हसली, आक्का हसली, मीही हसले. फार आनंदाचा दिवस होता तो. कमळनं विचारलं, "काकू, तुमाला हे कुणी शिकवलं?" मी म्हणाले, "तुझ्या आईनं." आक्काला वाटलं मी थट्टा करतेय.

तेवढंच खरं बोलले. बाकीचं हे असं आहे.

माझ्या दुधाला काही झालं नव्हतं. छाती भरून दुखायची इतकं ते होतं. रोज संध्याकाळी मी परसात लिंबाच्या आड बसून पहिली धारच नाही, सगळं पिळायचे. माती कोरडी, लगेच पिऊन टाकायची. आणि आत कमळ भुकेनं रडत असायची. भिंत कुडाची होती. मला ऐकू येत होतं. शेवटचा थेंब निघेपर्यंत मी पिळत बसायचे, आणि मला सगळं ऐकू येत होतं.